वर्षश्राद्ध, आई आणि प्रभूचं वचन: त्या दिवशी मी कुठे असावं?

सुदामानगरकर (धागाकर्ता)

इंदूरच्या मराठी घरातला एकुलता मुलगा आहे मी. पाठची एक बहीण, ती ग्वाल्हेरला दिली आहे. बाप्तिस्मा घेऊन मला बरीच वर्षं झाली. बायकोनं घेतलेला नाही आणि मी कधी तिच्यामागे लागलो नाही. आई आमच्याकडेच असते. देवघर तिच्या खोलीत आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्या दिवशी नैवेद्य दाखवायच्या आधीच आई माझं ताट वाढून बाजूला झाकून ठेवते. हे तिनं आपणहून सुरू केलं, मी मागितलं नव्हतं.

गेल्या वर्षी बाबा गेले. अग्नी मी दिला. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचं चुलतभावानं केलं. घरात माणसांची गर्दी होती, दुःख ताजं होतं, कोणी काही बोललं नाही. आता वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. काकांचा फोन आला: "या खेपेला तूच बसायचंस. नाही बसलास तर तुझं आमचं संपलं, आणि दादाच्या घरावर तुझा हक्क राहतो का तेही बघू." आई भांडत नाही. ती एवढंच म्हणते, "मनातून काही म्हणू नकोस. गुरुजी सांगतील तेवढं कर आणि ऊठ. बाबांसाठी."

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी बायबलमधलं मत्तय 10:37 काढून वाचलं. जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. त्या दिवशी घरात थांबूच नकोस, बाहेरगावी जा, असं ते म्हणाले.

येशूला धरायचं की सोडायचं हा माझा प्रश्न नाही. तो आईच्याही आधी आहे आणि हे आईला ठाऊक आहे. पण त्याला पहिला मान द्यायचा म्हणजे त्या दिवशी सकाळी उठून मी नेमकं काय करायचं, हे मला कळत नाही. विश्वासी नसलेल्यांनीही लिहा. माझ्या घरात दोन्हीकडची माणसं आहेत.

अरुंद_वाट

भाऊ, सलाम. तुमचे पाळक बरोबर सांगताहेत.

लूक 9 वाचा. एक जण प्रभूला म्हणाला, आधी जाऊन बापाला पुरू दे, मग येतो. प्रभूनं काय उत्तर दिलं? मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, तू जाऊन देवाच्या राज्याची घोषणा कर. बापाचं अंत्यकर्म म्हणजे त्या समाजातलं सगळ्यांत मोठं पुत्रकर्तव्य होतं, आणि तेच प्रभूनं मागे सारलं. या वाक्याला मऊ करून वाचायची मला भीती वाटते. आपण पहिल्या पिढीतले विश्वासी आहोत. आपण एकदा पाटावर बसलो की पुढच्या वर्षी 'मागच्या वर्षी बसला होतास की' असं ऐकायचं. मग महालक्ष्म्या, मग नवरात्र. मुलं हे सगळं बघत असतात. बाबा रविवारी एका देवाला आणि घरात दुसऱ्याला मानतात, असं त्यांच्या मनात बसतं.

शिवाय करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल श्रद्धेत दुर्बळ असलेल्या भावाचा विचार करायला सांगतो. तुम्हाला पाटाजवळ बघून चर्चच्या मंडळीतला एखादा नवा माणूस अडखळला तर?

माझं स्वतःचं घर या कारणानं तुटलं आहे. हे मी सहज लिहीत नाही.

छावणीची_मावशी

बाळ, तुझ्या बाबांना देवाच्या हाती सोपवून वर्ष होत आलं, तरी तुला रडायला निवांतपणा मिळालेला दिसत नाही. आधी ते सांगते. या सगळ्या वादात बाप गेल्याचं दुःख बाजूला पडू देऊ नकोस.

आता वचन. मत्तयाचा दहावा अध्याय सुट्या ओळीत वाचू नये. प्रभू बारा शिष्यांना गावोगाव धाडतो आहे. तुम्हाला न्यायसभांच्या हवाली करतील, सभास्थानांत फटके मारतील, भाऊ भावाला मरणासाठी धरून देईल, असं तो आधीच सांगून ठेवतो. त्या संकटात, आईबाप म्हणतील की येशूला नाकार आणि घरात ये, तर काय करशील? तिथे 37वी ओळ उभी आहे. तिच्या आधीची, माणसाचे वैरी त्याच्याच घरचे होतील ही ओळ मीखा संदेष्ट्याची आहे, सातव्या अध्यायातली. मीखा तिथे आनंदानं बोलत नाही, आपल्या लोकांची दशा बघून आक्रोश करतो आहे. घर फुटणं हा प्रभूचा हेतू नव्हे. घर फुटलं तरी मला धरून राहा, असं त्याचं मागणं आहे. फोडणारा हात शिष्याचा असावा, असं त्या अध्यायात कुठेही नाही.

तुझी आई 'येशूला नाकार' म्हणते आहे का? ती तर तुझं ताट वेगळं काढते.

तरीही तू पाटावर बसू नयेस, असं माझं मत आहे. पाळकांचं तेवढं म्हणणं खरं आहे. श्राद्धात नुसतं बसणं नसतं. संकल्प असतो, गोत्र उच्चारायचं असतं, जानवं अपसव्य करून तीळपाणी सोडायचं असतं, पिंड द्यायचे असतात. प्रत्येक ठिकाणी 'हे मी करतो' असं तोंडानं म्हणायचं असतं. मनात एक आणि तोंडी दुसरं, असं तू बाबांच्या नावानं करावंस का? त्यात प्रभूचा मान नाही आणि आईच्या श्रद्धेचाही नाही. ती जे इतक्या मनापासून मानते, ते तू खोटं खोटं करायचं?

पण बाहेरगावी जाऊ नकोस. मार्क 7 उघड. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या लोकांना प्रभू काय म्हणाला? तुम्ही आईबापाला सांगता, तुम्हाला जे द्यायचं होतं ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलेलं आहे; असं म्हणून तुम्ही देवाचीच आज्ञा रद्द करता. देवाचं नाव पुढे करून आईबापाच्या सेवेतून सुटका करून घेणाऱ्यांवर प्रभू किती चिडलेला आहे बघ. त्या दिवशी गाडीत बसून उज्जैन नाहीतर भोपाळला निघून जाणं सोपं आहे. घरात राहायचं, चुलत्यांसमोर हात जोडून 'मी बसणार नाही' म्हणायचं आणि मग दिवसभर राबायचं, हे कठीण आहे. आपला जीवही दुसऱ्या जागी ठेवा, असं प्रभू लूक 14 मध्ये म्हणतो. माझ्या मते यातलं कठीण तेच त्याच्या नावानं करावं.

उंबरठा

मी हिंदू आहे. माझ्या मुलीनं लग्नाच्या आधी बाप्तिस्मा घेतला. ती आता वडोदऱ्याला असते. हा धागा वाचून दोन दिवस झोप नीट लागलेली नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे वचनं काढताय. मला एकच विचारायचं आहे. त्या वचनांमध्ये आईला जागा कुठे आहे? माझे सासरे गेले तेव्हा माझी मुलगी दहाव्याला आली नाही. ज्यांनी तिला खांद्यावर बसवून राजवाड्यावर अनंत चतुर्दशीच्या झांक्या दाखवल्या, त्यांच्या दहाव्याला ती आली नाही. फोनवर म्हणाली, "आई, मला जमणार नाही, माझा विश्वास वेगळा आहे." मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर मी किती वेळ ओट्याशी उभी होते मला आठवत नाही.

मावशी, तुम्ही लिहिलंत की तीळपाणी सोडताना 'हे मी करतो' म्हणायचं असतं. खरं आहे. पण आमच्या दृष्टीनं ती देवाची पूजा नाही. गेलेल्याला तहान लागली असेल, त्याला घोटभर पाणी द्यायचं, एवढंच आहे ते. माझ्या मुलीला तिच्या आजोबांना पाणी देणं पाप का वाटावं?

आणि आमच्याकडेही देव मोठाच आहे. पण पंढरपुरात तो विटेवर का उभा आहे हे लहान पोरही सांगेल. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. देव दारात आला. पुंडलिकानं वीट फेकली, म्हणाला थांब, आधी यांची सेवा. देव रागावला नाही. कमरेवर हात ठेवून थांबला तो अजून थांबलेला आहे. माझा देव आईबापासाठी थांबतो. तुमचा देव म्हणतो आधी मी. मी भांडायला लिहीत नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे, कारण माझी पोर त्याच्याकडे गेली आहे.

छावणीची_मावशी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. उत्तर देताना माझा हात थरथरतो आहे.

पाणी देणं पाप वाटावं असं नाही. आम्ही मानतो की गेलेला माणूस देवाच्या हाती आहे. त्याची तहान, त्याचं भलं, सगळं त्याच्याकडे. आमच्या हातून त्याला काही पोचवायचं उरलेलं नाही. म्हणून तीळपाणी सोडलं तर ते तोंडदेखलं होईल. तुमची मुलगी आजोबांवर कमी प्रेम करते म्हणून नाही, तर ते करताना तिला खोटं बोलावं लागलं असतं म्हणून. पण ती घरी यायला हवी होती. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. तिच्या प्रभूचं तेच म्हणणं आहे असं मला वाटतं. पाटावर बसायला नाही, पण तुमच्याजवळ ओट्याशी उभं राहायला.

पुंडलिकाबद्दल काय बोलू? ती वीट मला पण आवडते. आमच्या प्रभूकडे मी कुठे बघते ते सांगते. योहानाच्या 19व्या अध्यायात तो क्रुसावर आहे, खिळे मारलेले आहेत, जीव जातो आहे. खाली आई उभी आहे. तेवढ्यात तो आपल्या आवडत्या शिष्याला सांगतो, ही तुझी आई. आणि त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. जगाचं तारण चाललं होतं त्या वेळी त्यानं आईची सोय लावली. तिला 'मी आधी' म्हणून सोडून दिलं नाही. ज्यानं 37वी ओळ सांगितली तोच हा. दोन्ही एकाच तोंडचं आहे, म्हणून मला त्याच्याकडून एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

आमच्या घरातलं सांगते. माझे आजोबा नगरकडून इंदुरात आले. कॅनडाचे मिशनरी इकडे 1877 पासून होते, ख्रिश्चन कॉलेज 1887 चं. त्या मिशनच्या कामात त्यांना नोकरी मिळाली. म्हाताऱ्या आईला त्यांनी गावी टाकलं नाही. पणजी इथे आली ती आपले देव घेऊन. आजोबा रोज घरात प्रार्थना चालवायचे, पणजी आतल्या खोलीत तिची पूजा करायची. एकादशीला ते तिचा हात धरून गोपाळ मंदिरापर्यंत न्यायचे, बाहेर पायरीशी थांबायचे, दर्शन झालं की परत आणायचे. मंडळीत काही जणांनी बोल लावला. ते म्हणत, आईला दिसत नाही, रस्त्यात गाड्या आहेत. एवढंच उत्तर. पणजी शेवटपर्यंत विठ्ठलाचीच राहिली आणि आजोबा शेवटपर्यंत येशूचे.

तळटीप

पुण्याहून लिहितोय. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं आठवलं म्हणून.

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे सहन झालं नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांकडे राहिल्या, काही वर्षं नवराबायको वेगळे होते. त्या काळात टिळकांनी प्रभूला सोडलं नाही आणि बायकोलाही सोडलं नाही. दुसरं लग्न केलं नाही, तिच्या मनाची वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही सोवळंओवळं पाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या, आणि टिळकांनी ते चालू दिलं. पुढे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानं. लक्ष्मीबाईंनी हे सगळं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, आपल्या रागासकट.

टिळकांची निष्ठा कमी होती असं कोणी म्हणू शकेल का? त्यांची भजनं आज मराठी मंडळ्यांमधून गातात. तुकोबांचा हात धरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. पूर्वजांना नाकारून त्यांना प्रभू मिळाला नव्हता.

उंबरठा ताईंच्या पुंडलिकाशेजारी मी आद्य शंकराचार्य ठेवीन. संन्याशाला अंत्यकर्माचा अधिकार नसतो. तरी आईला दिलेला शब्द पाळायला ते कालडीला परत आले. भाऊबंदांनी साथ दिली नाही, तेव्हा एकट्यानं आईचा देह अग्नीला दिला, अशी परंपरेतली कथा आहे. ज्यानं परमार्थासाठी घर सोडलं तोही आईसाठी परत आला. मला वाटतं धागाकर्त्यानं चितेला अग्नी दिला तो याच ओढीनं.

कागदपत्र_वडोदरा

काकांनी घराच्या हक्काची धमकी दिली आहे त्याबद्दल. मी वडोदऱ्यात वकिली करते. मराठी घरांतले वारसाचे वाद रोज बघते.

धर्म बदलला म्हणून मुलाचा वारसा जात नाही. 1850 मध्ये कंपनी सरकारनं तसा कायदा केला, तेव्हापासूनचं हे तत्त्व आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 26 फक्त एवढं सांगतं: धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं आणि त्यांचे वंशज हिंदू नातेवाइकांचे वारस होऊ शकत नाहीत, वारसा खुला होतो त्या वेळी ती मुलं स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्या मुलांचा जन्म बाप्तिस्म्याच्या आधीचा की नंतरचा, ते तपासा. घर वडिलांच्या स्वकमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, तुम्ही आणि बहीण असे तीन समान वाटे. आई आणि मुलं असताना काकांचा त्यात वाटा येत नाही.

दुसरी गोष्ट, कुणी घाबरवू नये म्हणून. तुमच्या बाप्तिस्म्यानं लग्न आपोआप मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे धर्मांतराच्या कारणावर घटस्फोट मागायचा हक्क बायकोला आहे, तिनं मागितला तरच. आणि आईच्या पालनपोषणाची जबाबदारी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं प्रत्येक मुलावर आहे, त्याचा धर्म कोणताही असो. पुढे घरात कोणी धर्म बदलायचा विचार करत असेल, तर मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवायचं कलम आहे आणि त्यावर न्यायालयात वाद झालेला आहे. तेव्हा आधी स्थानिक वकिलाला भेटा.

माझं स्वतःचं मत विचारलंत तर, काकांना हे सगळं आत्ता ऐकवू नका. श्राद्ध होऊन जाऊ द्या.

सुदामानगरकर (धागाकर्ता)

सगळं दोनदा वाचलं. वकीलताई, मुलगी बाप्तिस्म्याच्या आधीची आहे. आभार.

मावशी, तुमच्या आजोबांचं वाचून मला 2 राजे 5 आठवलं. अरामचा सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढं देवानं मला माफ करावं. अलीशा त्याला रागावत नाही. शांतीनं जा म्हणतो. मग आईसाठी मी पाटावर बसलो तर ते नामानासारखं होणार नाही का? हे खरंच विचारतोय. सुटका शोधत नाही.

छावणीची_मावशी

नामान स्वतः यज्ञ करणार नव्हता. आधीच्याच ओळीत तो सांगतो की यापुढे मी परमेश्वराशिवाय दुसऱ्या कोणाला होमबली अर्पिणार नाही. त्याला फक्त धन्याला आधार द्यायचा होता. म्हणून पाटावर बसणं त्यात येत नाही, असं मला वाटतं. पण तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिला खाली बसताना उठताना हात लागतो का? तो हात तुझा असू दे. ती नमस्काराला वाकेल तेव्हा तिला धरून ठेव. त्यात तुझा नमस्कार होत नाही. नामानाला मिळालेली सवलत ती हीच.

अरुंद_वाट

मावशींनी कुर्बानाचं जे लिहिलं त्यावर मी विचार केला. आईबापाच्या सेवेबद्दल माझा वाद नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्पष्टच आहे, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला आहे. मी दर महिन्याला गावी पैसे पाठवतो, जरी तिकडून फोन उचलत नाहीत.

पण जेवणाचं काय? श्राद्धाचा स्वयंपाक पितरांना दाखवलेला असतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्यानं बोलावलं तर पुढे वाढलेलं खा, चौकशी करू नका. पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. इथे तर सांगायची गरजच नाही, सगळ्यांना माहीत आहे. वडे, खीर, आमसुलाची चटणी पानात आली की काका बघणार भाऊ काय करतो ते.

उंबरठा

जेवणाचं मी सांगू का? त्यांच्या आईनं ते केव्हाच सोडवलेलं आहे. नैवेद्याआधी ताट काढते ती. त्या दिवशीही काढेल. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे कळतं.

आणि पाटावर बसायला मुलगाच लागतो असं नाही. आमच्या नात्यात एका मुलीनं वडिलांचं केलं, गुरुजींनी आनंदानं सांगितलं. ग्वाल्हेरची बहीण करू शकेल. तिला कोणी विचारलं आहे का? काही गुरुजी तयार होत नाहीत, पण होणारेही असतात. फार मोठं नको असेल तर आमान्न श्राद्ध असतं, शिधा देऊन करतात. कोणाच्या तरी मनाविरुद्ध पाटावर बसवून केलेल्या श्राद्धापेक्षा तिनं श्रद्धेनं केलेलं बरं. हे मी हिंदू म्हणून सांगते.

मावशी, तुमचं क्रुसाजवळच्या आईचं मी वाचलं. मला अजून सगळं पटलेलं नाही. 'अधिक प्रीती' हे शब्द मला टोचतातच. माझ्यापेक्षा अधिक कोणी माझ्या मुलीला आवडावं, हे मला सोसवत नाही, मग तो देव का असेना. पण ती आजोबांचा तिरस्कार करते म्हणून आली नाही, असं मी इतके दिवस धरून चालले होते. ते तसं नसावं.

छावणीची_मावशी

ताई, तुम्हाला एक प्रसंग सांगते. इंदूरजवळ उदयनगरला सिस्टर राणी मारिया काम करायच्या, केरळच्या. आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येताना बसमध्ये त्यांचा खून झाला. खून करणारा समंदर सिंह तुरुंगात गेला. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर. 2002 मध्ये राखीपौर्णिमेला ती तुरुंगात गेली आणि त्याच्या हाताला राखी बांधली, त्याला भाऊ केलं. पुढे घरच्यांनीही त्याला क्षमा केली. 4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा इथेच इंदुरात झाला. मी प्रॉटेस्टंट, ती मंडळी कॅथलिक, तरी मी गेले होते.

मार्क 10 मध्ये प्रभू म्हणतो, माझ्यासाठी ज्यानं घर, भाऊ, बहिणी, आई सोडली त्याला शंभरपट भाऊ, बहिणी, आया मिळतील, छळासह मिळतील. सेल्मीबाईंना राखीला तसा भाऊ मिळाला. येशूवर अधिक प्रीती करणाऱ्याच्या मनात घरच्यांसाठी जागा कमी होते, असं मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. जिथे कमी झालेली दिसली तिथे मला शंका येते की प्रीती येशूवर आहे की स्वतःच्या बरोबर असण्यावर.

अरुंद वाटवाले भाऊ, हे तुम्हाला उद्देशून नाही. पैसे पाठवत राहा.

सुदामानगरकर (धागाकर्ता)

काय ठरलं ते सांगतो.

बहिणीशी बोललो. ती एका शब्दात हो म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मला आधी का नाही विचारलंत कोणी? उंबरठा ताई, तुमच्यामुळे विचारलं. आईनं गुरुजींना विचारलं, त्यांची हरकत नाही. आमान्न करायचं ठरलं.

मी घरीच आहे. भाजी, शिधा, दक्षिणा, लोकांची ने-आण, सगळं माझ्याकडे. बायको आईबरोबर स्वयंपाकघरात. आईला पाटाजवळ मी नेईन आणि उठवीन. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू तिथे असशील ना?" मी म्हटलं, सगळा वेळ. मग तिनं विचारलं, "आणि तुझ्या पद्धतीनं बाबांसाठी काही करणार नाहीस?" हे तिनं विचारावं असं मला वाटलंच नव्हतं. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, बाबांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात. संध्याकाळी सगळे गेल्यावर तेवढं करीन म्हणालो. तिनं बसायची तयारी दाखवली आहे. कॅथलिक मित्र म्हणाला 2 नोव्हेंबरला त्यांच्यात मृतांचा दिवस असतो, तेव्हा बाबांचं नाव मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत घेऊ. त्याचं प्रेम मी मनापासून घेतलं, पण माझ्या श्रद्धेत ते बसत नाही हे त्याला सांगितलं.

काकांनी अजून मान्य केलेलं नाही. येणार की नाही माहीत नाही. मी त्यांना फोनवर सांगितलं की मी बसणार नाही, कारण माझा प्रभू येशू आहे, आणि तुमच्या दादाचा मुलगा म्हणून तुमची खोली झाडून तयार ठेवतो आहे. त्यांनी फोन ठेवला. पाळकसाहेबांनाही कळवलं की मी घरी थांबणार. ते नाराज आहेत, मंडळीत यावर बोलू म्हणाले. त्या बैठकीला मी मार्क 7 घेऊन जाणार आहे. कोणी तिथे माझ्यासाठी प्रार्थना केली तर बरं वाटेल.

अरुंद_वाट

मी करीन. काकांचा फोन पुन्हा आला तर त्यांच्याशी तुम्हीच बोला, बहिणीवर टाकू नका. जेवणाचं ताट आधी काढलेलं असलं तरी ते काकांसमोर खाऊ नका, त्यांना वेगळाच अर्थ लागेल. बाकी तुमच्या पाळकांशी बोलताना घाई करू नका, ते तुमचं भलंच बघताहेत. गावी आमच्या वडिलांचं वय झालं आहे. तुमचं कसं पार पडतं ते नंतर इथे लिहा, मला ते वाचायचं आहे.